आधी काय घडले?

विद्यार्थी मित्रहो, मोटार म्हटली की तुमच्या डोळ्यांपुढे काय येते? इंजिन, चाके, ब्रेक, गिअर, पेट्रोलची टाकी! परंतु गेल्या चार-पाच दशकांत मोटारीच्या पत्र्याआड आणखी एक सृष्टी वसली आहे. ती आहे लहान लहान संगणकांची. या संगणकांना आपण नियंत्रक म्हणू. एक नियंत्रक इंजिनात किती इंधन फवारायचे ते ठरवतो. दुसरा, ब्रेक दाबल्यावर चाके जागच्या जागी अडकून गाडी घसरू नये याची काळजी घेतो. तिसरा अपघाताच्या क्षणी एअरबॅग, म्हणजे हवेची पिशवी, फुगवायची की नाही याचा निर्णय करतो.

ही सृष्टी केवळ महागड्या मोटारींपुरती राहिलेली नाही. भारतात १ एप्रिल २०१९ पासून १२५ सी.सी.हून मोठ्या सर्व नव्या मोटारसायकलींना चाके अडकू न देणारी ब्रेकप्रणाली, म्हणजे ए.बी.एस., सक्तीची झाली. २०२० साली 'भारत स्टेज ६' हे प्रदूषणाचे नियम लागू झाल्यावर आपल्याकडच्या बहुतेक नव्या दुचाकींतला कार्बुरेटर गेला आणि त्याच्या जागी नियंत्रकाच्या हुकमाने चालणारी इंधनफवारणी आली. म्हणजे तुमच्या दारात उभ्या असलेल्या दुचाकीतही असा एखादा नियंत्रक बहुधा असेलच.

आता एक लहानसे गणित करा. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे १६.७ मीटर अंतर तोडते. टक्कर झाल्यापासून पिशवी फुगून तयार होईपर्यंत साधारण ५० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा विसावा भाग, एवढाच अवधी मिळतो. तेवढ्या वेळात मूळ वेगाने मोटार ८३ सेंटिमीटर गेली असती. तुमच्या पापणीची उघडझापही याहून सावकाश होते! एवढ्या अल्पकाळात संवेदकाने धक्का ओळखायचा, नियंत्रकाने विचार करायचा आणि पिशवी फुगवणारी ठिणगी पडायची.

हे काम तो नियंत्रक चोख करील की नाही, याची परीक्षा कारखान्यात आणि प्रयोगशाळेत आधीच घ्यावी लागते. ही परीक्षा कशी घेतात आणि ती घेणारी उपकरणे एकमेकांना जाळ्याने का जोडलेली असतात, ते या लेखात पाहू.

बारा व्होल्ट म्हणजे नेमके किती?

मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची असते, असे आपण सहज म्हणतो. घरातल्या भिंतीवरच्या घड्याळाला सेल शांतपणे एकसारखा विद्युत् दाब पुरवत राहतो. मोटारीत मात्र अशी शांतता नसते.

सकाळी गाडी सुरू करताना 'सेल्फ' मारला की इंजिन फिरवणारी आरंभक मोटर बॅटरीतून शेकडो अँपिअर प्रवाह खेचते. त्या क्षणी बॅटरीचा दाब १२ व्होल्टवरून ६ व्होल्टपर्यंत, कडाक्याच्या थंडीत त्याच्याही खाली, कोसळू शकतो. सेल्फ मारताना गाडीतला दिवा क्षणभर मंदावतो तो याचमुळे. इंजिन चालू झाले की अल्टरनेटर, म्हणजे जनित्र, काम करू लागते आणि दाब १४ व्होल्टच्या आसपास जातो.

याहून भयंकर प्रसंगही येतात. जनित्र जोरात वीज देत असताना बॅटरीची गंजलेली तार अचानक सुटली, तर जनित्राच्या वेटोळ्यांतील ऊर्जेला जायला वाट उरत नाही आणि दाब एकदम उसळी घेतो. मोटारींच्या विद्युत् कसोट्यांसाठी 'आयएसओ १६७५०' या नावाचे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याच्या दुसऱ्या भागात या उसळीची कसोटी दिली आहे. उसळी रोखण्याची सोय जनित्रात नसेल, तर १२ व्होल्टच्या गाडीतील उपकरणाला ७९ ते १०१ व्होल्टपर्यंतचा धक्का ४० ते ४०० मिलिसेकंद सोसावा लागतो, असे त्यात धरले आहे. मेकॅनिकने घाईत बॅटरीची टोके उलटी जोडली तर काय, बंद पडलेली गाडी सुरू करायला ट्रकची २४ व्होल्टची बॅटरी लावली तर काय, अशा प्रश्नांच्या कसोट्याही त्याच मानकात आहेत. मानक लिहिणाऱ्यांनी रस्त्यावरची माणसे चांगलीच ओळखली आहेत!

एक कंटाळवाणी पण आवश्यक परीक्षा

याच मानकातील एक कसोटी आपण सविस्तर पाहू. दाब थोडा घसरला तर नियंत्रक भलतेच काही करत नाही ना, हे तीत तपासतात. समजा, एक नियंत्रक किमान ९ व्होल्टवर नीट चालला पाहिजे. मग त्याला ९ व्होल्ट द्यायचे. दाब ५ टक्क्यांनी, म्हणजे ८.५५ व्होल्टवर, उतरवून ५ सेकंद ठेवायचा. पुन्हा ९ व्होल्ट करून निदान १० सेकंद ठेवायचे आणि नियंत्रक ठीक चालतो का ते पाहायचे. मग १० टक्क्यांनी उतरवायचे, म्हणजे ८.१० व्होल्ट. पुन्हा ९. असे करत करत शून्यापर्यंत जायचे.

पायऱ्या किती झाल्या? वीस. प्रत्येक पायरीला १५ सेकंद धरले तर ३०० सेकंद, म्हणजे ५ मिनिटे. हीच कसोटी गोठवणाऱ्या, सामान्य आणि तापलेल्या अशा तीन तापमानांना, प्रत्येक वेळी २० नियंत्रकांवर घ्यायची ठरवली, तर ३०० मिनिटे झाली. पाच तास! आणि ही तर अनेक कसोट्यांपैकी केवळ एक.

एखादा तंत्रज्ञ पाच तास बटण फिरवत आणि वहीत आकडे लिहीत बसला, तर दुसऱ्या तासाला त्याचे लक्ष उडणार, हे उघड आहे. शिवाय मनुष्याचा डोळा येथे अपुराच पडतो. साधा अंकदर्शक मल्टिमीटर सेकंदातून दोन-तीनदाच वाचन दाखवतो. वीस मिलिसेकंद टिकणारी दाबाची बुडी त्याला दिसतच नाही. ती पाहायला सेकंदाला लाखो वाचने घेणारा दोलनदर्शक, म्हणजे ऑसिलोस्कोप, लागतो.

तिसरी अडचण जागेची. तापमानाच्या कसोटीत नियंत्रक एका बंद कपाटात असतो. तेथे कधी उणे ४० अंश, तर कधी ८५ अंश सेल्सिअस तापमान असते. विद्युत्-चुंबकीय तरंगांच्या कसोटीत तो एका खास कोठीत असतो. या कोठीच्या भिंती आतून तरंग शोषणाऱ्या सुळक्यांनी मढवलेल्या असतात. शेजारून प्रखर रेडिओतरंग आले तरी ब्रेकचा नियंत्रक गोंधळत नाही ना, हे तेथे पाहतात. कसोटी चालू असताना कोठीत माणसाला थांबता येत नाही. वाचने बाहेर बसूनच घ्यावी लागतात. अशी कोठी आपल्या पुण्यातही आहे. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय, ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था वेताळ टेकडीवर आहे. पुणेकर त्या भागाला 'एआरएआय टेकडी' म्हणतात ते या संस्थेमुळेच.

तात्पर्य, काम कंटाळवाणे, अतिवेगवान आणि माणसाला उभे राहता येणार नाही अशा जागचे. म्हणून उपकरणांनीच संगणकाशी बोलले पाहिजे, हा विचार पुढे आला.

उपकरणांना वाचा फुटली

या बोलण्याचा इतिहास मनोरंजक आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील ह्यूलेट-पॅकार्ड या उपकरणे बनवणाऱ्या कंपनीने आपली उपकरणे एका जाड केबलने संगणकाला जोडण्याची पद्धत तयार केली. १९७५ साली तिला 'आय.ई.ई.ई. ४८८' हे मानकाचे रूप मिळाले. आठ तारांवरून एका वेळी एक बाइट माहिती जाई. एका केबलमार्गावर संगणक धरून १५ उपकरणे जोडता येत. मात्र केबलची एकूण लांबी २० मीटरहून अधिक चालत नसे. म्हणजे सारी उपकरणे एकाच खोलीत हवीत!

तारा जुळल्या, पण भाषेचे काय? प्रत्येक उपकरणाच्या आज्ञा निराळ्या असत. एका कंपनीचा मीटर काढून दुसऱ्या कंपनीचा बसवला की संगणकाची आज्ञावली नव्याने लिहावी लागे. १९९० साली अनेक कंपन्यांनी मिळून एक सामाईक भाषा ठरवली. 'एस.सी.पी.आय.' हे तिचे नाव. तिच्यातील आज्ञा साध्या शब्दांच्या असतात. वीजपुरवठा यंत्राला 'व्होल्ट १२' असे लिहून पाठवले की ते १२ व्होल्ट देऊ लागते. तारांकन, त्यापुढे आय.डी.एन. ही तीन अक्षरे आणि प्रश्नचिन्ह पाठवले की कोणतेही उपकरण आपला निर्माता, नमुना आणि अनुक्रमांक सांगते. वर्गात हजेरी घ्यावी, तशीच ही हजेरी!

त्याआधीच, १९७३ साली, अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी 'ईथरनेट' या संगणकजाळ्याची कल्पना मांडली होती. पुढे हे जाळे जगभरच्या कार्यालयांत आणि शाळांत पसरले. त्याच्या तारा आणि जोडण्या स्वस्त झाल्या. मग उपकरणांसाठी निराळी जाड केबल कशाला? २००४ साली उपकरणे बनवणाऱ्या कंपन्या एकत्र आल्या आणि २००५ साली 'एल.एक्स.आय.' हे मानक प्रसिद्ध झाले. उपकरणे ईथरनेटवर कशी जोडावीत, याचे नियम त्यात आहेत. आता एका तुकड्याला १०० मीटर लांबीची तार चालते आणि मध्ये जोडपेट्या टाकून जाळे हवे तेवढे वाढवता येते.

या तारेचा आणखी एक गुण आहे. ईथरनेटच्या जोडणीत लहान रोहित्रे असतात. संदेश त्यांच्यातून चुंबकीय मार्गाने जातो. तांब्याची तार सलग जात नाही. त्यामुळे मेजावर १०० व्होल्टचा धक्का देण्याची कसोटी चालली असताना संगणक आणि उपकरणे यांच्यामध्ये एक संरक्षक दरी राहते.

गंमत अशी की स्वतः मोटारीच्या पोटातही एक जाळे असते. जर्मनीतील बॉश कंपनीने १९८६ साली 'कॅन' नावाचे जाळे जगापुढे मांडले. पिळलेल्या दोन तारांवर सारे नियंत्रक एकमेकांशी बोलतात. दोघे एकदम बोलू लागले तर ज्याच्या संदेशाचा क्रमांक लहान, त्याला पुढे जाऊ दिले जाते आणि दुसरा मुकाट्याने थांबतो. परीक्षेच्या वेळी एक श्रवण-उपकरण या दोन तारांवर चाललेले बोलणे ऐकत असते. मात्र जुन्या, मूळ कॅन-संदेशात 'मी अमुक वाजता निघालो' अशी नोंद नसते. वेळेचा शिक्का ऐकणाऱ्यालाच मारावा लागतो. ही गोष्ट लक्षात ठेवा. ती आपल्याला लगेच उपयोगी पडणार आहे.

साक्षीदारांची घड्याळे

आता आपण मूळ प्रश्नाकडे येऊ. जाळ्यावर पाच उपकरणे जोडली. वीजपुरवठा यंत्र दाब खालीवर करते, एक नोंदयंत्र दाब टिपते, दोलनदर्शक नियंत्रकाच्या टोकांवरचे संकेत पाहतो, श्रवण-उपकरण कॅनवरचे बोलणे ऐकते आणि एक तापमापक तापमान मोजतो. पाच साक्षीदार झाले. परीक्षा चालू असताना एअरबॅगचा नियंत्रक मध्येच बंद होऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. दोष कोणाचा?

समजा, नोंदयंत्र म्हणते, "दाब ६ व्होल्टच्या खाली गेला तेव्हा ३० सेकंद ४१२ मिलिसेकंद झाले होते." दोलनदर्शक म्हणतो, "नियंत्रकाने पुन्हा सुरू होण्याचा संकेत दिला तेव्हा ३० सेकंद ४०९ मिलिसेकंद झाले होते." याचा अर्थ नियंत्रक ३ मिलिसेकंद आधी बंद पडला आणि दाब नंतर घसरला. म्हणजे वीजपुरवठा निर्दोष. चूक नियंत्रकाच्या आज्ञावलीत! आज्ञावली लिहिणारे अभियंते कामाला लागतात.

परंतु थांबा! दोघांची घड्याळे जुळवून पाहिली, तेव्हा दोलनदर्शकाचे घड्याळ ८ मिलिसेकंद मागे असल्याचे आढळले. म्हणजे त्याची खरी वेळ ४०९ नव्हे, ४१७ मिलिसेकंद. आता निकाल उलटला! दाब आधी घसरला, नियंत्रक ५ मिलिसेकंदांनी बंद पडला. दोष आज्ञावलीत नाही. दाब बुडाला असताना तग धरण्यासाठी नियंत्रकात जो विद्युत् साठा ठेवलेला असतो, तो अपुरा आहे. आठ मिलिसेकंदांच्या फरकाने निर्दोषाला दोषी ठरवले होते आणि खरा दोष सुटून गेला असता.

कारण आधी घडते, परिणाम नंतर. कोणते आधी घडले हेच कळले नाही, तर कारण कोणते आणि परिणाम कोणता हेही कळणार नाही. जाळ्यावरच्या उपकरणांच्या परीक्षेतील हा सर्वांत मोठा प्रश्न आहे.

क्रम ओळखण्यात चूक झाली तर काय किंमत द्यावी लागते, हे एका प्रसंगावरून दिसते. २०१४ साली अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीला सुमारे २६ लाख मोटारी परत बोलवाव्या लागल्या. किल्ली फिरवण्याच्या स्विचमधील अडकण पुरेशी घट्ट नव्हती. किल्लीला जड जुडगा असला किंवा गाडीला धक्का बसला, की किल्ली 'चालू' स्थितीतून आपोआप मागे सरके. इंजिन बंद पडे, आणि त्याबरोबर एअरबॅगही निकामी होई. मग टक्कर झाली तर पिशवी फुगतच नसे. 'धावती गाडी कधी कधी बंद पडते' ही तक्रार कंपनीतील लोकांच्या कानी कित्येक वर्षे होती. पण ती गैरसोय समजली गेली. किल्ली सरकणे, वीज जाणे आणि पिशवी न फुगणे ही एकाच साखळीची कडी आहेत, हे फार उशिरा उमगले. पुढे नुकसानभरपाईसाठी नेमलेल्या निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. बिघाड एका लहानशा स्विचमध्ये होता. पण आधी काय आणि नंतर काय हे कोणी वेळीच जुळवून पाहिले नव्हते.

दोन घड्याळे आणि एक निरोप्या

तर मग उपकरणांची घड्याळे एकदाच सकाळी जुळवून ठेवली तर चालणार नाही का? नाही. उपकरणातील घड्याळ क्वार्ट्झच्या स्फटिकाच्या कंपनांवर चालते. ते उत्तम असले तरी अगदी अचूक नसते. दहा लाखांत दहा भागांची चूक धरली तर एका तासाच्या ३६०० सेकंदांत ०.०३६ सेकंद, म्हणजे ३६ मिलिसेकंदांचा फरक पडतो. आपला निकाल तर ८ मिलिसेकंदांनीच उलटला होता! म्हणून घड्याळे पुन्हा पुन्हा, परीक्षा चालू असतानाही, जुळवत राहावे लागते.

येथे अडचण अशी की 'आता दहा वाजले' हा संदेश जाळ्यातून पोहोचायला वेळ लागतो, आणि किती वेळ लागला ते आपल्याला ठाऊक नसते. यावरचा तोडगा फार सुंदर आहे. तो समजायला आपण शाळेतच येऊ.

शाळेच्या एका टोकाच्या वर्गात आशा बसली आहे, दुसऱ्या टोकाच्या वर्गात बाळू. दोघांच्या घड्याळांत फरक आहे, पण किती ते माहीत नाही. मध्ये एक निरोप्या चिठ्ठी घेऊन धावतो. आशा आपल्या घड्याळात १० वाजून ० मिनिटे ० सेकंद झाले असता चिठ्ठी पाठवते. ती बाळूला मिळते तेव्हा बाळूच्या घड्याळात १० वाजून ३ मिनिटे २० सेकंद झालेले असतात. बाळू आपल्या घड्याळाप्रमाणे १० वाजून ४ मिनिटांनी उत्तर पाठवतो. ते आशाला मिळते तेव्हा तिच्या घड्याळात १० वाजून १ मिनिट २० सेकंद झालेले असतात. बाळूने पाठवलेले उत्तर, घड्याळे पाहिली तर, पाठवण्याच्या आधीच पोहोचले की!

आता हिशेब करू. जाताना फरक पडला २०० सेकंदांचा. त्यात घड्याळांतील फरक आणि धावण्याचा वेळ यांची बेरीज आहे. येताना फरक पडला उणे १६० सेकंदांचा. त्यात धावण्याच्या वेळातून घड्याळांतील फरक वजा झाला आहे. म्हणून,

घड्याळांतील फरक + धावण्याचा वेळ = २००
धावण्याचा वेळ − घड्याळांतील फरक = −१६०

दोन्ही समीकरणांची बेरीज केली तर धावण्याच्या वेळाची दुप्पट ४० येते. म्हणजे निरोप्याला २० सेकंद लागले. मग घड्याळांतील फरक १८० सेकंद. बाळूचे घड्याळ बरोबर ३ मिनिटे पुढे आहे! आठवी-नववीतल्या दोन चलांच्या समीकरणांनी हा प्रश्न सुटला.

उपकरणांच्या जाळ्यावर नेमके हेच करतात. या पद्धतीचे मानक 'आय.ई.ई.ई. १५८८' या नावाने २००२ साली प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील जॉन आयडसन या अभियंत्याचा ते घडवण्यात पुढाकार होता. पुढे २००८ आणि २०१९ साली त्यात सुधारणा झाल्या. जाळ्यावरचे एक घड्याळ प्रमुख मानले जाते. बाकीची घड्याळे त्याच्याशी चिठ्ठ्यांची देवघेव करून स्वतःला दुरुस्त करत राहतात. चिठ्ठीवर वेळेचा शिक्का आज्ञावलीने नव्हे, तर तारेच्या तोंडाशीच बसवलेल्या विद्युत् मंडलाने मारला, तर घड्याळे एका मायक्रोसेकंदाहूनही जवळ येतात. एक मायक्रोसेकंद म्हणजे मिलिसेकंदाचा हजारावा भाग.

शिट्टी की घड्याळ?

घड्याळे जुळली की आणखी एक सोय होते. मैदानावर कवायत चालली आहे अशी कल्पना करा. सरांनी शिट्टी वाजवली की मुले हात वर करतात. परंतु ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. १७० मीटरवर उभ्या असलेल्या मुलाला शिट्टी अर्ध्या सेकंदाने ऐकू येते. रांग एकसाथ हलत नाही. याउलट सरांनी आधीच सांगितले, "बरोबर साडेदहाला हात वर करा," आणि साऱ्यांची घड्याळे जुळलेली असली, तर दूरचा मुलगाही त्याच क्षणी हात वर करील.

संगणकाने जाळ्यावरून 'आता सुरू करा' अशी आज्ञा दिली, तर ती शिट्टीसारखी होते. एखाद्या उपकरणाला ती एका मिलिसेकंदात मिळेल, तर दुसऱ्याला वाटेतल्या गर्दीमुळे पाच मिलिसेकंदांनी. त्याऐवजी 'अमुक वाजून अमुक सेकंदांनी सुरू करा' अशी आज्ञा आगाऊ पाठवतात. मग ती वाटेत थोडी रखडली तरी बिघडत नाही.

जाळ्याने काय होत नाही

जाळे म्हणजे जादूची कांडी नव्हे, हेही सांगितले पाहिजे. मीटरच चुकीचा असेल, तर जाळे ते चुकीचे वाचन बिनचूकपणे संगणकापर्यंत पोहोचवील, एवढेच! उपकरणे वेळोवेळी प्रमाणित उपकरणांशी ताडून पाहावीच लागतात.

निरोप्याच्या गणितात आपण एक गोष्ट गृहीत धरली होती. जायला आणि यायला सारखाच वेळ लागतो, ही ती गोष्ट. जाताना जिना चढायचा आणि येताना उतरायचा असेल, तर हिशेब चुकतो. आणि जितका फरक, त्याच्या निम्मी चूक घड्याळात शिरते. जाळ्यावरच्या जोडपेट्यांत संदेशांची गर्दी झाली तर असेच होते. म्हणून संदेश आपल्यापाशी किती काळ थांबला, हे मोजून सांगणाऱ्या खास जोडपेट्या वापरतात.

जी गोष्ट क्षणात थांबलीच पाहिजे, ती जाळ्याच्या भरवशावर ठेवत नाहीत. प्रवाह मर्यादेबाहेर गेला तर वीजपुरवठा यंत्राने संगणकाला न विचारता स्वतःच बंद झाले पाहिजे. मेजावर धोक्याच्या वेळी दाबायचे लाल बटणही थेट तारेनेच जोडलेले असते. तसेच परीक्षेचे जाळे बाहेरच्या जाळ्यापासून अलग ठेवावे लागते; नाही तर दूरवरचा कोणी आगंतुक येथल्या उपकरणांना भलत्याच आज्ञा देऊ शकेल.

करून पाहा

आशा आणि बाळू यांचा प्रयोग तुम्हाला शाळेत सहज करता येईल. दोन मनगटी घड्याळे घ्या. शिक्षकांना सांगून त्यांपैकी एक काही मिनिटे पुढे किंवा मागे करून घ्या. किती ते त्यांनी कागदावर लिहून खिशात ठेवावे. दोन मुले दूरच्या दोन वर्गांत बसवा, तिसरा निरोप्या. चार वेळा नोंदवा: चिठ्ठी निघाली, पोहोचली, उत्तर निघाले, पोहोचले. गणित करून घड्याळांतील फरक काढा आणि मग शिक्षकांचा कागद उघडून पाहा.

आता निरोप्याला जाताना धावायला आणि येताना रमतगमत यायला सांगा. उत्तर किती चुकले? ती चूक जाण्यायेण्याच्या वेळांतील फरकाच्या निम्मी आहे का? शेवटी हीच देवघेव दहा वेळा करा आणि उत्तरांची सरासरी काढा. उत्तर सुधारते का? रमतगमत येणारा निरोप्या असताना सरासरीने चूक जाते का, की तशीच राहते? का बरे असे होते, याची वर्गात चर्चा करा.

मित्रहो, यापुढे एखाद्या मोटारीत एअरबॅगची लहानशी खूण दिसली तर एक गोष्ट आठवा. ती पिशवी बहुधा गाडीच्या साऱ्या आयुष्यात एकदाही फुगणार नाही. परंतु फुगण्याची वेळ आलीच, तर तिला दुसरी संधी नाही. म्हणूनच ती गाडी रस्त्यावर येण्यापूर्वी कुठल्या तरी प्रयोगशाळेत, एकाच वेळेवर जुळवलेल्या घड्याळांनिशी, अनेक उपकरणे तिच्या नियंत्रकावर नजर ठेवून बसलेली असतात, आणि प्रत्येक नोंदीपुढे एकच प्रश्न विचारत असतात: आधी काय घडले?